आधी दिलं, मग वजा केलं

लग्नात त्याला एक सासू मिळाली, आणि वर्षभरात तिच्या नर्सिंगच्या वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी सासवा म्हणून मिळाल्या. एकत्र शिकलेल्या, पुढे नोकरीपायी वेगवेगळ्या देशांत पांगलेल्या आणि आता बहुतेक निवृत्त झालेल्या त्या बायका दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर जमायच्या, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या आणि सगळ्या एकदम बोलायच्या. लेक-जावयाकडेच राहणाऱ्या सासूबाई वर्गाच्या मॉनिटर होत्या, म्हणून मैत्रिणी त्यांना अजूनही मॉनिटरच म्हणत. त्याला सगळ्या जणी जावई म्हणत.

"जावई, माझा आवाज जरा मोठा करा हो," एखादी तिकडून सांगायची.

"तो तुमच्याकडूनच मोठा करावा लागेल, मावशी."

"मग जावई असून उपयोग काय?"

या वर्गाचा एक आजारपणाचा निधी होता. पगार होता तोवर प्रत्येकीने त्यात टाकलं होतं, आणि जिच्यावर वेळ येई तिला त्यातून मिळायचं. तो सांभाळायला एकीचे यजमान होते. बँकेत आयुष्य काढलेले आणि सगळ्यांचे भाऊजी. या भाऊजींनी निधी हळूहळू स्वतःच्या घराच्या कामात घातला. उघडकीला आलं तेव्हा ते कॅमेऱ्यासमोर लहान मुलासारखे रडले, थोडंफार परतही केलं, पण तोवर वर्गात दोन तट पडले होते. ते सांधायला मॉनिटरला बरेच दिवस लागले.

त्यानंतर एकदा जेवताना त्यांनी जावयाला विचारलं, "तुमच्या त्या कॉम्प्युटरमध्ये असं काही नाही का, की जिथे कुणालाच हात घालता येणार नाही? मलासुद्धा?"

तो ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामायिक हिशोबवहीवर, चालणारे प्रोग्रॅम लिहायचा. घरात त्याच्या कामाबद्दल कुणी आपणहून विचारण्याची ही पहिलीच वेळ. हातातला घास तसाच ठेवून तो सांगायला लागला. स्मार्ट काँट्रॅक्ट म्हणजे स्वतःच चालणारा करार. नियम एकदा लिहून वर चढवले की ते कुणाच्या मर्जीने बदलत नाहीत. पैसे त्याच्याच ताब्यात असतात आणि नियमाप्रमाणेच बाहेर येतात. सगळ्या जगाला दिसतं, पण हात कुणाचा पोचत नाही.

"तुमचासुद्धा नाही?"

"माझासुद्धा नाही."

"मग लिहा," मॉनिटर म्हणाल्या. "माणूस मधे नकोच."

त्याने मन लावून लिहिलं. एखादी आजारी पडली की तिघी जणींनी संमती द्यायची, मग ठरलेल्या मर्यादेत पैसे सुटायचे. मुलं-नातवंडंही आई-आजीच्या नावाने भर घालू शकायची, म्हणून आत पैसे टाकायचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं होतं. लिहून झाल्यावर त्याने ते आपल्या कॉलेजच्या मैत्रिणीला दाखवलं. दुसऱ्यांच्या काँट्रॅक्टमधल्या चुका शोधणं हाच तिचा धंदा. तिच्या हातून खडा सुटत नाही म्हणून तिचं नावच चाळणी पडलं होतं. तिने फुकटात तपासून दिलं, चार चुका काढल्या आणि एका गोष्टीवर अडून बसली.

"थांबवायचं बटण ठेव. काही विपरीत घडलं तर तिघींनी मिळून सगळं थांबवता आलं पाहिजे. पैसे दुसरीकडे हलवता आले पाहिजेत."

"अगं, पण कुणाचा हात नको हाच तर मुद्दा आहे."

"आग लागल्यावर मुद्दा विझवायला येत नाही," चाळणी म्हणाली. त्याने बटण ठेवलं.

सगळं सुरळीत चाललं. मग वर्गातली जी गाणारी होती, वॉर्डात पेशंटला गाणी म्हणून झोपवायची ती, तिला अर्धांगाचा झटका आला. पैसे हवे होते त्या दिवशी संमती देणाऱ्या तिघींपैकी एक प्रवासात होती, आणि दुसरीच्या देशात रात्र असल्याने तिचा फोन बंद होता. संमती गोळा होईपर्यंत गाणारीच्या मुलाने कुठून कुठून जमवाजमव केली. ती वाचली नाही. लवकर मिळाले असते तरी वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मॉनिटरला ते पटलं नाही.

"नियम पाळता पाळता बाई गेली," त्या जावयाला म्हणाल्या. त्यांना तसं रडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. "निदान स्वतःचे टाकलेले तरी जिचे तिला तिथल्या तिथे काढता आले पाहिजेत. कुणाची वाट न बघता. करता येईल का?"

"आजच करतो," तो म्हणाला.

आणि केलं. एका दुपारात नवं काँट्रॅक्ट लिहिलं. आपले पैसे तातडीने काढायची सोय त्यात घातली. रविवारच्या कॉलवर एकीने शंका काढली, "त्या तिघी एक झाल्या आणि बटण दाबून पैसे भलतीकडे नेले तर? भाऊजी आठवतात ना?" कुजबुज झाली. संमती देणाऱ्यांतली एक रागाने कॉल सोडून गेली. भांडण मिटावं म्हणून त्याने बटणच काढून टाकलं. आपण लिहिलेल्या चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या. त्या त्यानेच लिहिल्या होत्या, त्यामुळे त्याला जे सुचलं होतं तेवढंच त्या तपासत होत्या. चाळणीची आई तेव्हा दवाखान्यात होती. एवढ्याशा बदलासाठी तिला कशाला त्रास, असं म्हणून त्याने तिला कळवलं नाही. तिघींना जुनं बटण शेवटचं दाबायला लावून सगळा निधी नव्या काँट्रॅक्टमध्ये हलवला. मॉनिटरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "गाणारीला पोचलं हे," त्या म्हणाल्या.

पुढे बरेच महिने गेले. एका दुपारी ऑफिसात डबा खाताना तो फोनवर कुठल्याशा निधीच्या चोरीची हकिगत वाचत होता. त्याच्या धंद्यात अशा हकिगती रोजच्याच. चोरी कशी झाली ते वाचता वाचता त्याचा हात थांबला. त्या निधीचं काँट्रॅक्ट आधी शिल्लक बघायचं, मग पैसे द्यायचं आणि त्यानंतर शिल्लक वजा करायचं. घेणारं माणूस असेल तर यात काही बिघडत नाही. पण घेणारा दुसरा प्रोग्रॅम असेल, तर पैसे हातात पडताक्षणी, वजाबाकी व्हायच्या आतच, तो पुन्हा हात पसरतो. शिल्लक अजून तेवढीच दिसते. काँट्रॅक्ट पुन्हा देतं. तो पुन्हा मागतो. तळ लागेपर्यंत हे चालतं.

त्याने डबा बाजूला सारला आणि आपलं काँट्रॅक्ट उघडलं. तातडीची सोय. आधी दिलं, मग वजा केलं. दोन ओळी खालच्या वर आणि वरच्या खाली असत्या तर काही झालं नसतं. पण ते आता कुणालाच बदलता येणार नव्हतं. त्यालासुद्धा नाही.

जिन्यात जाऊन त्याने चाळणीला फोन लावला.

"तातडीची सोय?" ती म्हणाली. "मी तपासलं त्यात असलं काही नव्हतं."

"नंतर घातली."

"आणि मला दाखवलं नाहीस?"

"तुझी आई दवाखान्यात होती."

"आई घरी येऊनही किती दिवस झाले." जिन्यात तिचं टायपिंग ऐकू येत होतं. "अरे देवा. बटण कुठाय?"

"काढलं."

शिव्या देईल असं त्याला वाटलं, पण तिने एकदम शांत, वॉर्डातल्या डॉक्टरसारखा आवाज काढला.

"हे बघ. पैसे वाचवायचा रस्ता एकच. चोराच्या आधी आपणच त्याच भोकातून सगळे काढून घ्यायचे. पण तू ते करायचं नाहीस. तू पाठवलेला व्यवहार पक्का होण्याआधी रांगेत उभा राहतो, आणि ती रांग सगळ्या जगाला दिसते. तिथे प्रोग्रॅम टपून बसलेले असतात. फायद्याचं काही दिसलं की त्याची हुबेहूब नक्कल करतात, घेणाऱ्याच्या जागी स्वतःला घालतात आणि जास्त शुल्क भरून तुझ्या पुढे घुसतात. त्यांना भोक माहीत असायची गरजच नाही. तूच दाखवशील."

"मग?"

"रांगेत न दिसता आत जायची खाजगी वाट असते. हेच काम करणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत, मी त्यांना गाठते. तोवर तू सासूबाईंना सांग. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. एकेकीला फोन करून, गाजावाजा न करता, आपापले काढून घ्यायला सांगू दे. जेवढे निघतील तेवढे निघतील. आणि कृपा करून तू स्वतः कशाला हात लावू नकोस."

त्याने तिथूनच घरी फोन लावला. मॉनिटरने उचलला. मागे नळाचं पाणी वाहत होतं.

"बोला जावई. या वेळी फोन? बरं आहे ना?"

"हो, बरंय. तुम्ही जेवलात का, विचारावं म्हटलं."

"आज काय सूर्य पश्चिमेला उगवला की काय," त्या हसल्या. "जेवले. तुम्ही?"

"हो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. चाळणीची माणसं सोडवतील, मग सगळं सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. बुडता बुडता वाचलो हे सांगायला सोपं असतं.

जागेवर येऊन बसला तर काँट्रॅक्टवर एक नवीन व्यवहार दिसत होता. कधीच न पाहिलेल्या खात्यावरून कुणीतरी अगदी थोडे पैसे आत टाकले होते आणि लगेच तातडीच्या सोयीने परत काढले होते. कुलूप हलवून बघणारा चोर असंच करतो. चाळणीला फोन लावला, तो व्यग्र. पुन्हा लावला, व्यग्र. तिला निरोप टाकला. ती त्याच्यासाठीच माणसं गोळा करत होती हे त्याला कळत होतं. पण समोरच्या पडद्यावर निधीचा आकडा तसाच उभा होता, आणि कुठल्याही क्षणी तो शून्य होईल असं वाटून त्याला पापणी मिटवत नव्हती. शेजारचा सहकारी चहाला बोलवायला आला. "येतो," तो म्हणाला आणि हललाच नाही.

मग त्याने सुटकेचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नुसता तयार ठेवू, एवढंच मनात होतं. लिहून झाल्यावर वाटलं, शुल्क इतकं भरू की पुढे घुसायला कुणाला सवडच मिळणार नाही. भर दुपार होती. आजूबाजूला लोक फोनवर बोलत होते, कुणीतरी वाढदिवसाचा केक कापायला बोलवत होतं. त्याने पाठवायचं बटण दाबलं.

आकडा शून्य झाला.

त्याने डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली. निघाले. सुटले. हसू आणि रडू एकदम आलं. मग त्याने आपलं खातं उघडलं. ते रिकामं होतं. व्यवहारापुढे लिहिलं होतं, अयशस्वी. त्याच्या बरोबर वर, त्याच दमात पक्का झालेला दुसरा व्यवहार होता. त्याचाच, शब्दाला शब्द, फक्त घेणारा भलताच. त्याच्याहून जास्त शुल्क भरलेला.

फोन वाजला. चाळणी होती.

"जमलं! ते तयार आहेत. थोड्याच वेळात..."

"मी पाठवलं," तो म्हणाला.

तिने तिकडे कुणाला तरी "राहू दे" म्हटलेलं त्याला ऐकू आलं.

घरी बायकोने दार उघडलं. त्याचा चेहरा बघून तिला वाटलं नोकरी गेली. "अरे, जाऊ दे, दुसरी मिळेल," ती म्हणाली. त्याने सांगितलं तेव्हा ती चपलांच्या फळीवर मटकन बसली.

मॉनिटर आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं, चाळणीला न दाखवल्यापासून बटण दाबेपर्यंत. त्या ऐकताना घड्या घालत राहिल्या. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "दुपारी तुम्ही फोन केला होतात."

"हो."

"तेव्हा होते पैसे?"

"होते."

हातातल्या टॉवेलची घडी मोडून त्यांनी ती पुन्हा घातली. "मी घरीच होते हो," एवढंच म्हणाल्या.

रविवारच्या कॉलवर त्यांनी त्याला बसू दिलं नाही, पण तो दाराआड उभा होता. मॉनिटरने काही न लपवता सांगितलं. आधी कुणाला समजलंच नाही. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. वर्गात सर्वांत लहान असलेली धाकटी मधेच घाबऱ्या घाबऱ्या विचारत राहिली, "माझ्यामुळे नाही ना झालं? नातवाने मला नवीन खातं उघडून दिलं, म्हणून त्या दिवशी थोडेसे टाकून काढून बघितले. नुसतं चालतंय का बघितलं गं." दाराआड त्याने भिंतीला डोकं टेकलं. कुलूप हलवणारा चोर तिथे कधी आलाच नव्हता.

"बाई, एक विचारू?" एकीचा आवाज आला. तो वर्गातल्या सर्वांत उंच बाईचा, जिला सगळ्या शिडी म्हणत. तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला होता. दिवसाआड यंत्राला लावून रक्त शुद्ध करून घ्यावं लागे, आणि निधीचा आधार होता तो तिलाच. "भाऊजींनी खाल्ले तेव्हा निदान रडायला समोर आले. जावई कुठायत?"

"त्यांनी खाल्लेले नाहीत."

"दार कुठे आहे ते फक्त त्यांनाच माहीत होतं. आणि चोराने केलं ते अक्षर न् अक्षर त्यांनीच लिहिलेलं, असं तूच सांगतेस. मी म्हातारी आहे मॉनिटर, खुळी नाही."

तो पुढे होऊन कॅमेऱ्यासमोर आला. काहीतरी बोलला, माफीचंच असावं. पण पडद्यावरच्या चौकटी एकेक करून विझत गेल्या.

पोलिस चौकीतला अंमलदार बरा माणूस होता. त्याने खुर्ची दिली. चोर कोण? माहीत नाही. चोरी कुठे झाली? तसं ठिकाण नाही. काय फोडून नेलं? काही फोडलं नाही, नियमाप्रमाणेच नेलं. अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "म्हणजे बघा, तुम्हीच दार बांधलंत, तुम्हीच उघडं ठेवलंत आणि तुम्हीच चोराला हाक मारलीत?"

"हो."

"मग तक्रार नेमकी कुणाविरुद्ध लिहू?"

चाळणीने पैशांचा माग काढला. ते अनेक खात्यांत फुटून अशा ठिकाणी शिरले होते जिथून पुढे कुणालाच दिसत नाही. एका खात्यात थोडा भाग काही काळ पडून होता. त्या खात्याला निरोप पाठवता येतो असं तिने सांगितल्यावर मॉनिटरने मजकूर सांगितला आणि लेकीने टाइप केला. "आम्ही म्हाताऱ्या नर्सेस आहोत. आमच्यातल्या एकीला दिवसाआड यंत्रावर जावं लागतं. तुम्हाला गरज असेल तर थोडे ठेवून घ्या. बाकीचे द्या." दुसऱ्या दिवशी तो भागही हलवलेला होता. निरोप वाचला गेला की ती नुसती कुठल्याशा प्रोग्रॅमची हालचाल होती, हे चाळणीलाही सांगता आलं नाही.

शिडीने यंत्रावरच्या फेऱ्या कमी केल्या. मॉनिटरने आपल्या साठवणीतलं पाठवलं, ते तिने परत केलं. जावयाने पाठवलं, तेही परत आलं. काही महिन्यांनी तिच्या सुनेने एका ओळीत कळवलं की आई गेल्या. त्या रविवारी कॉलवर मॉनिटर एकट्याच होत्या. स्वतःचाच चेहरा समोर ठेवून त्या जेवायच्या वेळेपर्यंत बसून होत्या, आणि त्यांना उठवायचं धाडस घरात कुणाला झालं नाही.

चाळणीच्या आग्रहावरून त्याने झाल्या गोष्टीची हकिगत लिहून धंद्यातल्या लोकांसाठी जाहीर केली. काही झाकलं नाही. पैसे देण्याआधी वजाबाकी करा. तपासणीनंतर एक अक्षर बदललं तरी पुन्हा तपासून घ्या, आपल्या माणसाची आई आजारी असेल तर ती बरी होईपर्यंत थांबा. एका वेळी किती बाहेर जावं याला बांध घाला. भांडण नको म्हणून थांबवायचं बटण काढू नका, त्याच्यावर जास्त जणांचे हात ठेवा. सुटका करायची वेळ आली तर उघड्या रांगेत जाऊ नका. आणि ज्यांचे पैसे आहेत त्यांना आधी सांगा. ही शेवटची ओळ लिहायलाच त्याला सर्वांत जास्त वेळ लागला.

पुष्कळांनी ते वाचलं. परक्या देशातल्या एकाने कळवलं की आपल्या काँट्रॅक्टमध्ये त्याला हेच भोक सापडलं आणि ते वेळेत बुजवता आलं. बायकोने ते मॉनिटरला वाचून दाखवलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुणाचे तरी वाचले." आणि थोड्या वेळाने, "मी बहिणीकडे जाऊन राहीन म्हणते."

"किती दिवस?"

"राहीन म्हणते," त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

त्याने त्यांना बसच्या थांब्यावर सोडलं. सामान चढवून झाल्यावर तो खिडकीखाली उभा राहिला.

"आई, माझ्यावर रागावला असाल तर तसं सांगा. शिव्या द्या. पण असं..."

"राग असता तर घरीच राहिले असते," मॉनिटर म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "रागावून माणूस शेवटी गप्प बसतो, जेवतो. पण तुम्ही समोर आलात की मला शिडी दिसते. मी समोर आले की तुम्हालाही तीच दिसते, ते मला कळतं. त्या घरात दोघांना श्वास घेता येत नाही हो. मी ते तातडीचं मागितलं नसतं तर तुम्ही लिहिलं नसतं. हे तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाहीत. दाखवलं असतंत तर बरं झालं असतं."

"मी तसा विचारही केला नाही, आई."

"मी केला," त्या म्हणाल्या. "रोज करते."

चालकाने भोंगा वाजवला. बस निघाली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, आणि त्यानेही नाही. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काही म्हणाली का?" तो नाही म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांच्या रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसला.